काचेपलीकडचा चेहरा : माकडं, कपी आणि लेमूर यांचे फोटो कसे काढावेत

सुरुवातीला मी एका दिवसात अख्खं प्राणिसंग्रहालय पालथं घालायचे. संध्याकाळी कार्डावर सात-आठशे फोटो जमलेले असायचे. मोठ्या पडद्यावर उघडले की गोरिलाच्या जागी काळा गोळा, गिबनची नुसती रेघ आणि लेमूरच्या तोंडावर काचेत उमटलेलं माझं जॅकेट. मग महागडी लेन्स घेतली, तरी फार काही बदललं नाही. एकाच पिंजऱ्यासमोर दोन-दोन तास बसायला लागले तेव्हा कुठे फोटो सुधारले. पुढे जे लिहिलंय ते बहुतेक त्या बसण्यातून कळलेलं आहे. नव्याने सुरुवात करणाऱ्याला तेवढी वर्षं घालवावी लागू नयेत, म्हणून हे सगळं एका जागी लिहिते आहे.

१. समोर कोण आहे ते आधी ओळखा

मराठीत ‘वानर’ म्हटलं की काळ्या तोंडाचा, लांब शेपटीचा प्राणी डोळ्यांसमोर येतो आणि ‘माकड’ म्हटलं की लालसर तोंडाचा. म्हणून गोरिला, चिंपांझी, बोनोबो, ओरांगउटान आणि गिबन या बिनशेपटीच्या मंडळींना मी इथे ‘कपी’ म्हणते आहे.

शेपूट ही पहिली खूण. कपींना ती नसते, माकडांना बहुधा असते. दुसरी खूण नाक. अमेरिका खंडातल्या माकडांच्या नाकपुड्या बाजूंना उघडतात, तर आफ्रिका-आशियातल्या माकडांच्या खालच्या दिशेला. लेमूर मूळचे फक्त मादागास्कर बेटावरचे. त्यांचं नाक कुत्र्यासारखं ओलसर असतं आणि तोंड पुढे निमुळतं होत जातं. फसवणारं उदाहरण बार्बरी मकाकचं. त्याला शेपूट जवळजवळ दिसतच नाही, त्यामुळे पुष्कळजण फोटोखाली ‘एप’ लिहून मोकळे होतात. तो माकडच आहे.

हे फक्त नाव लिहिण्यापुरतं नाही, फ्रेम कशी धरायची तेही यावरून ठरतं. स्पायडर मंकी आणि हाउलर ही माकडं शेपटीने फांदी घट्ट पकडून लोंबकळतात. तिथे शेपटीचं टोक फ्रेमबाहेर गेलं की प्राणी हवेत कशाच्या आधाराने आहे तेच कळत नाही. गिबनच्या बाबतीत तीच जागा त्याच्या हातांना द्यावी लागते.

२. सामान आणि कागदपत्रं

- कॅमेरा आणि ७०-३०० किंवा १००-४०० मिमीची झूम लेन्स. मोबाइलवर काम भागवायचं असेल तर काचेचे पिंजरे निवडा, जाळीचे नकोत.
- वस्तुसंग्रहालयासाठी २४ ते ३५ मिमीची लेन्स आणि अंधाऱ्या दालनांसाठी एफ/१.८ची, म्हणजे भरपूर उजेड आत घेणारी, एखादी.
- लेन्सच्या तोंडाला लावायचा, दुमडता येणारा रबरी हूड. काचेसाठी याहून उपयोगी वस्तू मला अजून सापडलेली नाही.
- हातरुमालाएवढी दोन काळी कापडं, मधोमध लेन्सपुरतं भोक पाडलेली.
- मायक्रोफायबरचं कापड, जादा बॅटरी, जादा कार्ड, छोटी वही.
- अंगात गडद, बिनचमकीचे कपडे. काचेत सगळ्यात आधी पांढरा शर्ट दिसतो.
- ओळखपत्र. आणि ट्रायपॉड लावायचा असेल, फोटो विकायचे किंवा छापायचे असतील, तर लेखी परवानगी.

परवानगीसाठी आधीच पत्र किंवा ई-मेल पाठवा आणि त्यात चार गोष्टी स्पष्ट विचारा : ट्रायपॉड किंवा मोनोपॉड चालतो का, फ्लॅश कुठे बंद आहे, फोटो कशासाठी वापरता येतील, आणि कुठल्या दालनात फोटोच काढू देत नाहीत. उत्तराची छापील प्रत जवळ ठेवा. दारावरच्या माणसाला तुमचा फोन बघण्यापेक्षा कागद बघणं सोपं जातं. तिकिटावरचे बारीक अक्षरातले नियमही वाचा, स्वतःपुरते फोटो आणि व्यावसायिक फोटो यांतली रेघ बहुधा तिथेच लिहिलेली असते.

३. कमी पिंजरे, जास्त वेळ

दार उघडतं त्या वेळेला पोचा. वलयांकित शेपटीचे लेमूर सकाळच्या उन्हात पाय पसरून, हात गुडघ्यांवर टाकून, पोट सूर्याकडे करून बसतात. ऊन चढलं की ते दृश्य संपतं. गिबन सकाळीच गातात. त्यांच्यातल्या सियामांगच्या गळ्याची पिशवी ओरडताना जवळजवळ डोक्याएवढी फुगते. तो फोटो बाजूने येणाऱ्या उजेडात घ्या, समोरून घेतला तर पिशवी सपाट दिसते. दुपारी गोरिला झोपलेले असतात, तेव्हा तुम्हीही वस्तुसंग्रहालयाकडे वळा. खाणं टाकायच्या वेळा फलकावर असतात, त्याच्या अर्धा तास आधी जागा धरून बसा. प्रत्यक्ष खाताना तोंडं खाली असतात आणि हात आड येतात. वाट बघतानाचे चेहरे जास्त बोलके असतात.

एकदा एका गिबनसमोर पाऊण तास नुसती बसून होते, कॅमेरा मांडीवर ठेवून. तेवढ्यात लक्षात आलं की तो दर फेरीला तोच रस्ता घेतो. डावा दोर, मग वाकडी फांदी, मग लोखंडी कडं, आणि कड्यावर एका हाताने लोंबकळत क्षणभर थांबून मागे बघतो. मग मी कड्यावर फोकस लावून ठेवला, शटर १/१६०० सेकंद केला आणि पुढच्या फेरीची वाट पाहिली. पहिल्या तीन फेऱ्यांत मान वळलेली होती. चौथ्या फेरीत उघडा तळहात, ताणलेली बोटं आणि थेट उजेडाकडे वळलेला चेहरा, तिन्ही एका फ्रेममध्ये मिळाले. गिबनच्या मागे लेन्स फिरवत पळू नका. तो परत येणार असतो.

४. जाळी नाहीशी करणं

यात जादू नाही. जाळी लेन्सच्या जितकी जवळ आणि प्राणी जाळीपासून जितका लांब, तितकी जाळी विरघळते. लांबात लांब झूम, उघड्यात उघडं अपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेड आत येण्याचं भोक (एफ/४, एफ/५.६ जे असेल ते), आणि प्राणी पिंजऱ्याच्या मागच्या बाजूला येईपर्यंत थांबणं, एवढंच. प्राणी जाळीला चिकटून बसला असेल तर तो फोटो सोडून द्या.

जाळीवर ऊन पडलं असेल तर अख्ख्या चित्रावर पांढुरकी धूसर छटा येते. सावलीतला भाग शोधा किंवा टोपीने तेवढ्या जागेवर सावली करा. पार्श्वभूमीत चमकते कवडसे असतील तर त्यांच्यात जाळीची नक्षी उमटते, त्यापेक्षा मागे गडद भिंत किंवा गच्च हिरवळ बघा. ऑटोफोकस जाळीवरच अडकत असेल तर एकच छोटा फोकस-बिंदू निवडून तो जाळीच्या भोकातून चेहऱ्यावर ठेवा. तरी जमलं नाही तर हाताने फोकस करा.

कठडा ओलांडून जाळीपर्यंत हात किंवा लेन्स न्यायची नाही. जिथे जाळीपर्यंत जायला मुभा असते तिथेही जपून. एका ठिकाणी माझ्या लेन्सचं लोंबतं झाकण एका कॅपुचिन माकडाने जाळीतून बोटं घालून ओढून नेलं आणि लगेच चावायला सुरुवात केली. रक्षकाने खाऊ दाखवून ते परत मिळवेपर्यंत माझा जीव टांगणीला लागला होता, कारण प्लास्टिकचा तुकडा त्याच्या पोटात गेला असता. तेव्हापासून झाकणं, लोंबते पट्टे, कानातलं, सगळं आधीच पिशवीत जातं.

५. काच

लेन्सचा रबरी हूड काचेला अलगद टेकवा आणि लेन्स काचेला काटकोनात ठेवा. तिरकं धरलं की जाड काचेतून प्रतिमा ताणली जाते, कडा दुहेरी होतात. हूड नसेल तर काळं कापड. मोबाइल सरळ काचेला टेकवून भोवती तळहाताची ओंजळ केली तरी बरंच साधतं. काचेवर लहान मुलांच्या हातांचे ठसे असतात, नेमके गोरिला बसतो त्या उंचीवर. कोरड्या कापडाने तेवढी जागा हलकेच पुसा. ठोकायचं नाही, हूडसुद्धा आदळायचा नाही. काचेवरची टकटक आतल्या प्राण्याला दिवसभर सोसावी लागते.

काचेतली प्रतिबिंबं कमी करणारा पोलरायझर फिल्टर लावावा असा सल्ला सगळीकडे मिळतो. तो घेताना दोन गोष्टी माहीत असू द्या : उजेड दीड-दोन स्टॉपने (एक स्टॉप म्हणजे निम्मा उजेड) कमी होतो, आणि ॲक्रिलिकची भिंत असेल तर तिच्यातल्या ताणामुळे इंद्रधनुषी डाग उमटतात. मी काचेसाठी तो वापरत नाही.

फ्लॅश बंद केलात तरी कॅमेऱ्याचा फोकसला मदत करणारा छोटा दिवा चालू राहतो. नवशिक्यांचं इथे हमखास दुर्लक्ष होतं. मेनूत जाऊन तोही बंद करा. जाड काच हिरवट छटा देते, म्हणून रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या कच्च्या फाइलमध्ये काढा. रंग घरी नीट करता येतो.

६. काळी फर, पांढरी फर

कॅमेरा समोरचं सगळं मध्यम करडं करायला बघतो. फ्रेमभर गोरिला असेल तर तो त्याला राखाडी करून टाकतो. एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजळपणा, उणे २/३ ते उणे १ करा, फर पुन्हा काळी होईल. याच्या उलट, उंच फांदीवर गिबन आणि मागे उघडं आभाळ असेल तर अधिक १ ते अधिक २ लागतं, नाहीतर नुसती छायाकृती मिळते. सिफाका लेमूरची पांढरी फर फ्रेम भरून असेल तर कॅमेरा तिला मळकट करतो, तिथेही थोडं अधिक. काळ्या-पांढऱ्या कोलोबस माकडाला मात्र पांढऱ्याच्या हिशेबाने एक्स्पोजर द्या. काळ्यातले तपशील रॉमधून वर आणता येतात, जळालेलं पांढरं परत येत नाही.

फ्रांस्वा लंगूरची पिल्लं नारिंगी असतात आणि आई काळीभोर. असं पिल्लू कुशीत दिसलं की पिल्लाच्या हिशेबाने मोजा, आईची फर अंधारात राहिली तरी चालेल.

स्वच्छ ऊन गोरिलाला मारक. त्याची कातडी चकाकते आणि भुवयांवर, नाकावर पांढरे डाग पडतात. ढगाळ दिवस मिळाला तर इतर प्राणी सोडून सरळ कपींकडे जा. डोळे खोल असतात आणि वर भुवयांच्या हाडाची सावली, त्यामुळे डोळ्यात उजेडाचा ठिपका हवा असेल तर तो मान वर करेपर्यंत थांबावं लागतं. ओरांगउटान त्या बाबतीत सढळ आहे, आपल्याकडे खालून वर बघत निवांत बसतो. बसलेल्या प्राण्याला शटर १/२५० पुरतो, चालत्याला १/५००. त्यासाठी आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाबद्दलची संवेदनशीलता) वाढवावा लागला तर खुशाल वाढवा. दाणेदार फोटो चालतो, हललेला चालत नाही.

७. चेहरा वाचायला शिका

मला सगळ्यात जास्त हेच सांगायचं आहे. हे चेहरे आपल्यासारखे दिसतात म्हणून आपण त्यांचा अर्थही आपल्यासारखा लावतो, आणि तिथेच चूक होते.

चिंपांझीने ओठ मागे ओढून वरचे-खालचे दात दाखवले तर ते हसू नव्हे. तो बहुतेक वेळा घाबरलेला किंवा दबलेला असतो. खेळातला आनंदी चेहरा वेगळा : तोंड सैल उघडं आणि वरचे दात ओठाखाली झाकलेले. बबून आणि मकाक ही माकडं जांभई देतात ती कधीकधी झोपेची असते, पण समोर कुणी नकोसं उभं असेल तर ती सुळे दाखवून दिलेली ताकीद असते. ते ‘नकोसं’ आपणही असू शकतो. स्लो लोरिस (लेमूरचा आशियातला निशाचर नातेवाईक) दोन्ही हात वर करतो तेव्हा लोकांना तो गुदगुल्या मागतोय असं वाटतं. खरं तर दंडाजवळच्या ग्रंथीकडे तोंड नेण्यासाठीची ती बचावाची मुद्रा आहे. त्या ग्रंथीचा स्राव लाळेत मिसळला की त्याचा चावा विषारी होतो. असे फोटो ‘गोंडस’ म्हणून पसरवू नका.

गोरिलाकडे आणि मकाककडे टक लावून बघणं म्हणजे त्यांना आव्हान देणं. २००७ साली रॉटरडॅमच्या प्राणिसंग्रहालयातला बोकिटो नावाचा गोरिला खंदक ओलांडून बाहेर आला आणि त्याला वारंवार भेटायला येणाऱ्या एका बाईंना त्याने गंभीर जखमी केलं. त्यानंतर तिथे नजर दुसरीकडे वळलेली दिसावी असे कागदी चष्मे वाटले गेले. आपण फोटोवाले तर डोळ्याला भलंमोठं काचेचं भिंग लावून समोर बसतो. म्हणून मी थोडी तिरकी, खाली बसते, चार-पाच फोटो झाले की कॅमेरा खाली घेते आणि जमिनीकडे बघते. याने प्राणी निवांत होतो, आणि निवांत प्राणीच पुन्हा आपल्याकडे वळतो.

तीच ती फेरी मारणं, डोलत राहणं, स्वतःचे केस उपटणं हे दिसलं तर तो चेहरा ‘विचारमग्न’ म्हणून मांडू नका. तिथून बाजूला व्हा आणि रक्षकाला विचारा. खाऊ दाखवून, आवाज काढून, वेडावून लक्ष वेधायचं नाही. सर्दी-खोकला असेल त्या दिवशी जाऊच नका, आपले श्वसनाचे रोग कपींना सहज लागतात. २०२१च्या जानेवारीत सॅन दिएगोतल्या गोरिलांना करोनाची लागण झाली होती.

८. निशाचरांचं दालन

इथे दिवस-रात्र उलटी केलेली असते आणि लाल किंवा निळसर मंद उजेड असतो. आत गेल्यावर दहा मिनिटं काहीच काढू नका, डोळे सरावू द्या. कॅमेऱ्याच्या पडद्याचा उजेड कमीत कमी करा. आय-आय, लोरिस, गॅलॅगो या छोट्या निशाचरांच्या डोळ्यांत उजेड परतवणारा थर असतो, कुणाच्या मोबाइलचा दिवा लागला तरी ते लखकन चमकतात. एफ/१.८, आयएसओ ६४०० आणि प्राणी स्थिर होण्याची वाट. लाल उजेडातले फोटो मी सरळ कृष्णधवल करते.

९. वस्तुसंग्रहालय : न हलणारा प्राणी

पेंढा भरलेला प्राणी हलत नाही म्हणून सोपं जाईल असं वाटतं. पण इथे उजेड कमी, काच जास्त आणि ट्रायपॉड बहुधा बंद. फ्लॅशही बहुतेक ठिकाणी बंदच असतो. कातडी आणि केसांचे रंग उजेडाने फिके पडत जातात, म्हणून दालनं मुद्दाम अंधारी ठेवतात. भिंतीला किंवा खांबाला पाठ टेका, श्वास सोडताना बटण दाबा, १/३० सुद्धा साधतो. दिव्यांमुळे फोटोत आडवे पट्टे आले तर मेकॅनिकल शटर वापरा आणि वेग १/५० किंवा १/६० करून बघा, दोन्हींपैकी एकाला ते जातात.

डायोरामा, म्हणजे मागे रंगवलेलं अर्धगोल दृश्य आणि पुढे प्राणी. ते दृश्य एका ठरावीक जागेवरून बघण्यासाठी रंगवलेलं असतं, बहुधा काचेच्या मधोमध, उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर. थोडं डावीकडे-उजवीकडे सरका, डोंगर आणि क्षितिज सरळ बसलं की तीच जागा. न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीत १९३६ साली उघडलेल्या ॲकली दालनात माउंटन गोरिलांचा असा देखावा आहे. ज्यांच्या नावाचं हे दालन आहे ते कार्ल ॲकली (प्राण्यांत पेंढा भरणारे कारागीर) आफ्रिकेतल्या ज्या विरुंगा पर्वतांत १९२६ साली वारले, तेच डोंगर त्याच्या पार्श्वभूमीवर आहेत. हा देखावा आणखी एका कारणासाठी महत्त्वाचा : माउंटन गोरिला कुठल्याच प्राणिसंग्रहालयात नाहीत. तिथे दिसतात ते जवळजवळ सगळे वेस्टर्न लोलँड गोरिला. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १९४७ ते १९७८ राहिलेला ‘गाय’ (Guy) नावाचा गोरिला हाही त्यातलाच, तो आता तिथल्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये बघायला मिळतो.

पेंढा भरलेल्या प्राण्याचा रंग पुरावा म्हणून वापरू नका. एका जुन्या संग्रहालयात मी मँड्रिल माकडाच्या चेहऱ्याजवळ लेन्स नेली. नाकाच्या बाजूच्या निळ्या पन्हाळींवर ब्रशचे फटकारे दिसत होते आणि नाकपुडीपाशी निळा रंग खपलीसारखा सुटून खाली पिवळट, चामड्यासारखी त्वचा उघडी पडली होती. जिवंत मँड्रिलचा निळा हा रंगद्रव्याचा नसतो. त्वचेतल्या कोलॅजनच्या तंतूंच्या मांडणीमुळे तो दिसतो आणि कातडी वाळली की जातो. मग कारागीर तो हाताने रंगवतो. मी तो सुटलेला पापुद्राच फ्रेममध्ये घेतला. डोळे काचेचे असतात, त्यांत दिव्याचा ठिपका येईपर्यंत तुम्हीच जागा बदला. तो नसला तर चेहरा निर्जीव दिसतो.

कवट्यांच्या कपाटासमोर घाई करू नका. लेमूरच्या डोळ्यामागे हाडाचं नुसतं कडं असतं, मागून उघडं, तर माकडा-कपींचा डोळा हाडाच्या वाटीत बसलेला असतो. समोर आणि बाजू यांच्या मधल्या कोनातून, तिरकं काढलं तर हा फरक स्पष्ट दिसतो. नर गोरिलाच्या कवटीवरचा हाडाचा उभा कंगोरा बाजूने घ्या. लेमूरचे खालचे पुढचे दात फणीसारखे असतात, ते समोरून. तुलना करायची असेल तर सगळ्या कवट्या एकाच उंचीवरून, एकाच अंतरावरून आणि लांब झूमने काढा. जवळून रुंद लेन्सने काढलेला जबडा खोटा मोठा दिसतो. उत्क्रांतीच्या दालनात शेजारीच मानवी अवशेष असू शकतात, त्यांचे फोटो काढायला काही संग्रहालयांत मनाई असते. आधी विचारा.

१०. नोंद आणि फोटोखालची ओळ

प्रत्येक पिंजऱ्याचा आणि कपाटाचा पहिला फोटो माहितीफलकाचा. संग्रहालयात नोंदणी क्रमांकासकट. घरी आल्यावर यावरच सगळं अवलंबून असतं.

फोटोखाली जातीचं पूर्ण नाव लिहा. नुसतं ‘ओरांगउटान’ पुरत नाही. बोर्निओ आणि सुमात्रा या दोन जाती आधीपासून माहीत होत्या, तापानुली ही तिसरी २०१७ साली वेगळी म्हणून नोंदली गेली. प्राणी बंदिस्त आहे की पेंढा भरलेला, ते स्वच्छ शब्दांत लिहा. जाळी पुसून, पार्श्वभूमी बदलून जंगलातला म्हणून देऊ नका. स्पर्धेला पाठवायचा असेल तर बंदिस्त प्राण्यांबद्दलचा नियम आधी शोधा.

गोरिला असेल तर एक जादा फोटो काढा : समोरून, फक्त नाकाचा. नाकपुड्यांवरच्या सुरकुत्यांची नक्षी प्रत्येक गोरिलाची वेगळी असते आणि अभ्यासक त्यावरूनच त्यांना ओळखतात. वहीत ती नक्षी साध्या रेघांनी उतरवा, खाली फलकावरचं किंवा रक्षकाने सांगितलेलं नाव लिहा, आणि पुढच्या वेळी जाताना ती वही बरोबर न्या.